सुई टोचण्याआधीचं एक वाक्य

समजा, सोलापूरच्या विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, एक बाई आहे. पस्तिशीतली, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी. गेली आठ-दहा वर्षं तिला आवाज ऐकू येतात. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. गोळ्या चालू असल्या की तिचे हात चालतात, शेजारणीशी बोलणं-हसणं होतं. या वेळी दोन महिने गोळ्या सुटल्या. आवाज वाढले, जेवण तुटलं, रात्री-अपरात्री ती कडी काढून बाहेर पडू लागली. घरच्यांनी ‘मावशीकडं जाऊन येऊ’ म्हणून रिक्षात बसवलं आणि दवाखान्यात आणलं. इंजेक्शन द्यायच्या वेळी दोघांनी मागून येऊन तिला घट्ट धरलं. ती किंचाळली, चावली, तिनं लाथा झाडल्या. केसपेपरवर नोंद झाली : ‘आक्रमक. सहकार्य करत नाही.’

बारा वर्षांची असताना तिला कुणीतरी असंच मागून धरलं होतं. ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. केसपेपरवर ते येणार कुठून?

ही बाई कल्पनेतली आहे. तिच्यासारखे किती असतात, हे मात्र मोजलं गेलेलं आहे. १९९८ साली अमेरिकेत किम म्यूझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र मानसिक आजाराच्या २७५ रुग्णांना त्यांच्या आयुष्यातल्या आघातांबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, अपघात, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, यांपैकी किमान एक आघात ९८ टक्के लोकांनी सांगितला. ११९ जणांना चक्क पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार होता. आणि या ११९ पैकी किती जणांच्या कागदपत्रांत तो नोंदलेला होता? तिघांच्या. हा आकडा वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

आपल्याकडचंही ऐका. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. प्रभा चंद्रा आणि सहकाऱ्यांनी तीव्र मानसिक आजार असलेल्या १४६ स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ३४ टक्के स्त्रियांनी लैंगिक जबरदस्ती सोसली होती. करणारा बहुतेक वेळा ओळखीचा, पुष्कळदा नवराच. आणि त्यातल्या ६० टक्के जणींनी ते तोवर कुणापाशीच बोलून दाखवलं नव्हतं.

आघात शरीरात कसा राहतो, हे सोलापूरकरांना वेगळं समजावून सांगायची गरज नसावी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी अनुभवली, त्यांनी आठवून बघावं. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीची जमीन हादरली आणि आपल्याकडची भांडीही मांडणीवरून खाली आली. त्यानंतर कित्येक दिवस लोक अंगणात झोपत होते. रस्त्यावरून ट्रक गेला तरी माणसं दचकून उठायची. ट्रक आहे हे कळत होतं, तरी छाती धडधडायचीच.

याचं कारण मेंदूच्या रचनेत आहे. कानशिलाच्या आतल्या बाजूला, खोलवर, बदामाएवढा अमिग्डाला नावाचा भाग असतो. धोका ओळखून तो शरीराला सावध करतो, आणि हे काम विचार करणारा मेंदू जागा व्हायच्या आधीच उरकतो. त्याच्या शेजारच्या हिप्पोकॅम्पसचं काम वेगळं. ‘हे कधी घडलं, कुठं घडलं’ अशी खूणगाठ तो आठवणीला बांधून ठेवतो. पराकोटीच्या भीतीत ताणाच्या रसायनांमुळे हिप्पोकॅम्पसचं काम विस्कटतं, अमिग्डालाचं मात्र जोरात चालतं. म्हणून भीती पक्की कोरली जाते आणि तिच्यावर तारीखच पडत नाही. मागून हात पडले की आपल्या त्या बाईच्या शरीराला ती पुन्हा बारा वर्षांची वाटते. मधली तेवीस वर्षं शरीराच्या हिशेबात नसतात.

काही जण लाथा झाडत नाहीत. थिजतात. नजर एका जागी, अंग सैल, हाक मारली तरी ओ नाही. ही भीतीचीच दुसरी तऱ्हा आहे, पण अशा माणसाच्या कागदावर ‘शांत, सहकार्य करतो’ असं लिहिलं जायचा संभव असतो. मला या दुसऱ्या माणसाची काळजी जास्त वाटते, कारण त्याचा त्रास कुणालाच त्रास देत नाही.

आता आघात आणि स्किझोफ्रेनिया यांचा संबंध. २०१२ साली फिलिपो वारेझे आणि सहकाऱ्यांनी ३६ अभ्यास एकत्र करून पाहिले. लहानपणी छळ, अत्याचार, हेळसांड किंवा आईवडिलांचा मृत्यू यांना सामोरं गेलेल्यांत सायकोसिसचं, म्हणजे भास आणि भ्रमांच्या आजाराचं, प्रमाण इतरांच्या सुमारे पावणेतीन पट आढळलं. समोरच्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं, हे मेंदूत डोपामिन नावाचं रसायन ठरवतं. वाढत्या वयात सतत ताण राहिला तर ही यंत्रणा हळवी होते आणि पुढे साध्या गोष्टींवरही ‘हे तुझ्याविषयीच आहे’ असा शिक्का मारू लागते, असं अनेक संशोधक मानतात. गोळ्या डोपामिनचा हा जोर कमी करतात, म्हणून आवाज मंदावतात. पण बाराव्या वर्षीची भीती त्या गोळीच्या आवाक्यात नसते. तिच्यासाठी वेगळं काही करावं लागतं.

इथं एक सावधगिरी हवी, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ‘लहानपणी काहीतरी झालं असणार’ हे वाक्य घरच्यांवर, विशेषतः आईवर, दगडासारखं फेकता येतं. हे एकदा घडून गेलेलं आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषकांनी मुलांमध्ये स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई अशी कल्पना मांडली आणि पुढची कित्येक वर्षं हजारो आया तो कलंक वागवत जगल्या. ती कल्पना पुराव्यावर टिकली नाही. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि प्रेमाच्या, सुखी घरांतही तो होतो. लहानपण धड गेलेल्या माणसालाही हा आजारच एक आघात ठरू शकतो. शेजारी आपल्याला मारायला टपलेत अशी खात्री घेऊन महिना-महिना जगणं म्हणजे काय, याचा विचार करून बघा.

आणि मग उपचारांची जखम. फसवून नेणं, हातपाय बांधणं, कपडे काढून घेणं, केस कापणं, खोलीत कोंडणं. याचं सगळ्यात भयंकर टोक ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला दिसलं. दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खासगी निवासात पहाटे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण मेले. पळता येत नव्हतं. आपल्याकडंही ‘बाहेरचं झालंय’ म्हणून आधी देवऋषी, मग मारझोड आणि शेवटी दवाखाना असा प्रवास करून आलेली माणसं आहेत. दवाखान्याच्या पायरीवर पोचेपर्यंत त्यांचा माणसांवरचा विश्वास पार संपलेला असतो.

आघाताचं भान ठेवून उपचार करायचे, हा विचार इथून सुरू होतो. २००१ मध्ये मॅक्सिन हॅरिस आणि रॉजर फॅलट यांनी तो व्यवस्थेच्या पातळीवर मांडला, पुढे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं २०१४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं केली. गाभा अगदी सोपा आहे. रक्त काढताना सिस्टर प्रत्येकासाठी हातमोजे घालते, आधी ‘तुला कुठला संसर्ग आहे का’ विचारत बसत नाही. तसंच समोरचा माणूस कधीतरी दुखावला गेला असेल असं धरून प्रत्येकाशी वागायचं. त्याची कहाणी उकरून काढायची नाही. ती सांगायची की नाही, कधी आणि कुणाला, हे त्याचं त्यानं ठरवायचं.

वॉर्डात याचा अर्थ काय होतो? समोरून यायचं. नाव घेऊन हाक मारायची. ‘ताई, हे झोपेचं इंजेक्शन आहे, दंडात देणार आहे, उजव्या देऊ का डाव्या?’ या वाक्याला दहा सेकंद लागतात. स्त्री रुग्णाला शक्यतो सिस्टरनं किंवा मावशींनी हात लावायचा. रात्रीची गोळी द्यायला उठवायचं तर पांघरूण ओढायचं नाही, दारातून हाक मारायची. अंघोळीच्या दाराला आतून कडी हवी. कडी लावणं धोक्याचं असेल तर बाहेर कोण उभं आहे हे तिला माहीत हवं. वॉर्डातल्या मामांना, मावशींना आणि दारावरच्या वॉचमनलाही हे शिकवायला हवं, कारण रुग्णाचा पहिला अनुभव डॉक्टरांचा नसतो, यांचा असतो. आणि रोज चावे, शिव्या, धक्के सोसणाऱ्या या माणसांच्या मनालाही कुणीतरी विचारायला हवं. एका सिस्टरकडं चाळीस रुग्ण असतील तर दहा सेकंदही महाग पडतात, हे मला कळतं. म्हणून हा प्रश्न चांगुलपणाचा जितका आहे, तितकाच मनुष्यबळाचा आहे.

सोलापूरची एक अडचण मात्र खास आपली आहे : भाषा. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, दक्षिणेकडून येणाऱ्यांची कन्नड, कुठं दखनी. व्यवहारापुरतं मराठी सगळ्यांना येतं, पण माणूस घाबरतो आणि रडतो आपल्याच भाषेत. मग डॉक्टर विचारतात मराठीत, उत्तर येतं तेलुगूत आणि मध्ये दुभाषी म्हणून उभा असतो नवरा, दीर किंवा सासू. निम्हान्सचा तो अभ्यास आठवा. दुखावणारा पुष्कळदा घरातलाच होता. त्याच्याच तोंडून तिनं ते कसं सांगावं? दवाखान्यात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या सिस्टर, मावशी, समाजसेवक शोधायला कुठं लांब जायला नको, हे शहरच तसं आहे. नातेवाइकांना दहा मिनिटं बाहेर बसवून तिच्याशी तिच्या भाषेत एकटीशी बोललं, तर केसपेपर बदलू शकतो.

‘पण जुनं काढलं तर आवाज वाढतील’, ही भीती डॉक्टरांनाही वाटत आली आहे. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या डेव्हिड व्हॅन डेन बर्ग यांच्या गटानं ती तपासली. सायकोसिस आणि पीटीएसडी दोन्ही असलेल्या १५५ रुग्णांवर आघातासाठीचे दोन मानसोपचार करून पाहिले, दीड-दीड तासाची आठ सत्रं. उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं पीटीएसडीचं निदान उरलं नाही. प्रतीक्षायादीत ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे २८ टक्के होतं. उपचारांमुळे त्रास वाढला असंही दिसलं नाही. अर्थात हे काम प्रशिक्षित माणसाचं आहे. भावानं किंवा शेजाऱ्यानं घरी बसून करायचं नाही. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

कायदा तर आपल्या बाजूनं आहेच. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा साखळीनं बांधायला कुठल्याही परिस्थितीत परवानगी देत नाही. भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. सक्तीनं डोकं भादरता येत नाही, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. शारीरिक बंधन घालायचंच झालं तर तत्काळ इजा टाळायला दुसरा मार्ग नसतानाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीनं, गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून नाही.

याच कायद्यात फारशी कुणाला माहीत नसलेली एक तरतूद आहे : आगाऊ निर्देश. बरं असताना, निर्णय घेण्याची क्षमता असताना, कुणीही सज्ञान माणूस आजारपणात आपल्यावर उपचार कसे व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे लिहून ठेवू शकतो. आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधीही स्वतः नेमू शकतो, त्यासाठी साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. तातडीच्या उपचारांना आगाऊ निर्देश लागू होत नाही, पण तो वाचून घ्यायला तेव्हाही कुणाची ना नसावी.

आपली ती विडी घरकुलातली बाई आता घरी आली आहे असं धरू. गोळ्या चालू आहेत, हात चालताहेत. सूप बाजूला ठेवून ती शेजारणीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मजकूर सांगते, मुलगी लिहिते : ‘मला कुठं नेताय ते खरं सांगा. मी येईन. मला मागून धरू नका. सुई डाव्या दंडात द्या, आधी सांगून. रात्री खोलीतला दिवा चालू ठेवा. दिरांना बोलावू नका. शेजारच्या अक्कांना बोलवा, त्यांचा नंबर खाली लिहिलाय.’