गुंडाळी जाळणारा यहोयाकीम आणि गुपचूप विचारणारा सिद्कीया

बायबलमधले यिर्मया संदेष्ट्याचे पुस्तक वाचताना यहोयाकीम आणि सिद्कीया या यहूदाच्या दोन राजांची हमखास गल्लत होते. दोघेही योशीया राजाचे पुत्र, दोघांचीही मूळ नावे परक्या राजांनी बदललेली, दोघांचीही कारकीर्द अकरा वर्षांची आणि दोघांनीही इशारा डावलला तो एकाच संदेष्ट्याचा. सत्ताविसाव्या अध्यायातला प्रसंग उघडच सिद्कीयाच्या काळातला आहे, तरी बहुतेक हिब्रू हस्तलिखितांत त्याच्या पहिल्या वचनात यहोयाकीमाचे नाव आढळते; तेव्हा हस्तलिखिते उतरवणाऱ्या जुन्या लेखकांचाही इथे गोंधळ झाला असावा. मात्र दोघांच्या नकाराची जात वेगळी होती आणि त्याची फळेही वेगळी होती.

यहोयाकीमाचा नकार उघड आणि उद्दाम होता. इ.स.पू. ६०४ च्या सुमाराचा हिवाळा होता आणि राजा हिवाळी महालात पेटत्या शेगडीपुढे बसला होता. यिर्मयाने सांगितलेल्या आणि त्याचा लेखनिक बारूख याने शाईने उतरवून घेतलेल्या संदेशाची गुंडाळी त्याच्यासमोर वाचली जाऊ लागली, तेव्हा तीन-चार रकाने वाचून होताच तो तेवढा भाग लेखकाच्या चाकूने कापून शेगडीत टाकी, आणि असे करता करता सगळी गुंडाळी राख झाली. तिघा सरदारांनी विनवूनही तो ऐकेना. नियमशास्त्राचा ग्रंथ ऐकताच त्याच्या बापाने आपली वस्त्रे फाडली होती. इथे कोणी भ्यालेही नाही आणि कोणी वस्त्रेही फाडली नाहीत, याची शास्त्रलेखक मुद्दाम नोंद करतो. पण संदेश जळाला नाही. यिर्मयाने तो पुन्हा सांगितला, बारूखाने पुन्हा लिहिला, आणि या खेपेस त्यात आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. दाविदाच्या गादीवर बसायला याचा कोणी उरणार नाही, असा निकालही आला. त्याचा मुलगा यहोयाखीन जेमतेम तीन महिने राज्य करून इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान झाला.

सिद्कीयाने काहीच जाळले नाही, आणि म्हणूनच त्याची कहाणी मला अधिक जिव्हारी लागते. "परमेश्वराकडून काही वचन आहे काय?" असे तो यिर्मयाला गुपचूप बोलावून विचारत असे. सरदारांनी संदेष्ट्याला चिखलाने भरलेल्या हौदात सोडले तेव्हा राजाने त्यांना अडवले नाही; पुढे एबद-मलेख या कूश देशातल्या सेवकाने विनंती केल्यावर त्याला बाहेर काढण्याची परवानगीही त्यानेच दिली. दोर काखेत रुतू नयेत म्हणून एबद-मलेखाने आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या होत्या. त्यानंतरच्या गुप्त भेटीत यिर्मयाने स्पष्ट सांगितले की, बाबेलच्या सरदारांना शरण गेलास तर तुझा जीव वाचेल आणि नगरही जळणार नाही. खास्द्यांना, म्हणजे बाबेलच्या लोकांना, आधीच जाऊन मिळालेले यहूदी आपली विटंबना करतील, एवढ्या धास्तीने त्याने ते केले नाही. यहोयाकीमाने ऐकण्यालाच नकार दिला, तर सिद्कीयाला सगळे पटत होते; मात्र माणसांचे भय त्याला वचनापेक्षा मोठे वाटले.

शरण जाण्याने नगर वाचणार होते, म्हणून त्याच्या भित्रेपणाची किंमत साऱ्या यरुशलेमाने मोजली. इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास तट फुटला, आणि मंदिर, राजवाडा, घरे सगळे जाळण्यात आले. रात्री राजाच्या बागेच्या वाटेने पळालेला सिद्कीया यरीहोच्या मैदानात पकडला गेला आणि रिब्ला येथे बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याच्यापुढे उभा केला गेला. तू बाबेलच्या राजाला डोळ्याला डोळा भिडवून पाहशील, असे यिर्मयाने त्याला सांगितले होते; तो बाबेलला नेला जाईल पण तो देश त्याला दिसणार नाही, असे यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याने म्हटले होते. रिब्लात त्याच्यादेखत त्याचे मुलगे मारले गेले, मग त्याचे डोळे काढले गेले आणि बेड्या घालून त्याला बाबेलला नेण्यात आले.