हजार जणांना विचारून कोटींचं काय कळणार?

‘सर्वेक्षणं म्हणजे थाप. मला तर कधी कुणी विचारलं नाही!’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. शंका रास्त आहे. पण शितावरून भाताची परीक्षा होते, ती शीत कुठलंही असू शकतं म्हणून.

समाजशास्त्रात नमुना, म्हणजे प्रश्न विचारायला निवडलेली माणसं, किती मोठा यापेक्षा तो कसा निवडला हे आधी बघतात. १९३६ साली अमेरिकेत एका साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, तरी अध्यक्षपदाचा अंदाज साफ चुकला. पत्ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या याद्यांतले होते. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे? शिवाय उत्तर फक्त हौशी लोकांनीच धाडलं.

उलट, प्रत्येकाला सारखी संधी देऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखी हजार माणसं निवडली, तर उत्तर साधारण तीन टक्के इकडेतिकडे होतं. गोव्यासाठी हजार पुरतात, महाराष्ट्रासाठीही जवळपास तितकेच! गणिताचा हा भाग पटायला जड जातो खरा.

करून बघा. मोठ्या डब्यात ६०० लाल आणि ४०० पांढरे, एकाच आकाराचे मणी ढवळा, डोळे मिटून १०० काढा. लाल बहुतेक वेळा ५० ते ७० मध्येच येतील. मग न ढवळता, लाल वर ठेवून, वरचेच घ्या.

पुढचा सर्वे दिसला की आधी विचारा: माणसं निवडली कशी, आणि उत्तर न देणारे किती?