बंपर आणि विंच बसवून घेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावडा या भागांत शेती किंवा काजूच्या बागा असलेले अनेक ग्राहक पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे विंचची, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या विजेच्या यंत्राची, चौकशी करतात. तांबड्या मातीच्या चढावर गाडी रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो, त्यामुळे ही गरज खरी आहे. मात्र काही ग्राहकांना गाडी केवळ रुबाबदार दिसावी म्हणून जाड पत्र्याचा बंपर हवा असतो. त्यांना आम्ही प्रथम मूळ बंपर तसाच ठेवण्याचा सल्ला देतो आणि त्यामागची कारणे या पत्रकात सविस्तर दिली आहेत.

विंचची ओढ बंपरवर नव्हे, तर चॅसीवर, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्यावर, यायला हवी, या एका गोष्टीवर आमचे सर्व काम उभे आहे. बंपर हे बाहेरून दिसणारे आवरण असून खरा भार त्याच्या आतील माउंटिंग प्लेट, ती प्लेट चॅसीच्या दोन्ही बाजूंना जोडणारे ब्रॅकेट आणि बोल्ट यांनी पेलायचा असतो. म्हणून थार, बोलेरो, गुरखा, जिम्नी, जिप्सी अशा स्वतंत्र लॅडर चॅसी (शिडीसारखा सांगाडा, ज्यावर बॉडी वेगळी बसवलेली असते) असलेल्या गाड्यांचेच काम आम्ही घेतो. ज्या गाड्यांची बॉडी आणि चॅसी एकजीव असते, त्यांना विंच बसवण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही. चॅसीवर वेल्डिंग करण्यासही आमचा ठाम नकार असतो, कारण उष्णतेमुळे त्या जागेच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि पुढे नेमकी तिथेच चीर पडण्याची शक्यता वाढते. ब्रॅकेट आम्ही कंपनीने दिलेल्या मूळ छिद्रांतूनच बसवतो आणि त्यासाठी किमान ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळतो.

विंच किती क्षमतेचा घ्यावा, हे ठरवताना गाडीचे रिकामे वजन न पाहता माणसे, सामान आणि इंधन यांसह होणारे एकूण वजन धरावे व त्याच्या किमान दीडपट क्षमता निवडावी. भरलेली गाडी २,२०० किलोची असेल, तर ३,३०० किलोची ओढ लागते. बाजारात मिळणारा ९,५०० पौंडांचा विंच कागदावर सुमारे ४,३०० किलो ओढतो, परंतु ही क्षमता ड्रमवर दोराचा सर्वांत आतला थर असतानाच मिळते. दोराचे थर चढत जातात तशी ड्रमची त्रिज्या वाढून ओढ घटत जाते आणि चौथ्या थरावर ती साधारण एक तृतीयांशाने कमी झालेली असते. त्यामुळे जवळच्या झाडाऐवजी थोड्या लांबच्या भक्कम झाडाचा आधार घेतल्यास तोच विंच अधिक जोराने ओढतो. सोबत एक स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडता येणारी कप्पी, ठेवल्यास ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्म्यावर येतो; चिखलात वेग कमी झाल्याने नुकसान तर नाहीच, उलट गाडी सावकाश आणि ताब्यात राहून बाहेर येते.

तारेचा दोर दगडांवरील घर्षण चांगले सोसतो, पण तो जड असतो, त्याच्या तुटलेल्या तारा हातात घुसतात आणि ताणाखाली तुटल्यास तो प्राणघातक वेगाने मागे उसळतो. सिंथेटिक दोर हलका असून तुटल्यावर त्याची उसळी बरीच कमी असते. ऊन, वाळू आणि धारदार कडा यांपासून मात्र त्याला जपावे लागते. घरातील अनेक माणसे गाडी वापरणार असतील, तर आम्ही सिंथेटिक दोरच सुचवतो. त्याच्यासोबत गुळगुळीत ॲल्युमिनियमचा हॉझ फेअरलीड (दोर ज्यातून बाहेर येतो ती चौकट) लावावा लागतो, कारण तारेच्या दोराने ओरखडलेल्या जुन्या रोलर फेअरलीडवर सिंथेटिक दोर लवकर फाटतो.

बारा व्होल्टचा विंच पूर्ण भाराखाली ४०० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. एवढा प्रवाह गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे जनित्र) देऊ शकत नाही, तो बॅटरीतूनच येतो. म्हणून बॅटरी सुस्थितीत असावी, विंच चालवताना इंजिन चालू ठेवावे आणि मोटरला मधूनमधून विश्रांती द्यावी. विंचच्या जाड केबल आम्ही थेट बॅटरीपर्यंत नेतो आणि मध्ये आयसोलेटर स्विच बसवतो, जेणेकरून एरवी त्या केबलमध्ये प्रवाह राहत नाही. खर्च वाचवण्यासाठी हा स्विच गाळावा, अशी विनंती कृपया करू नये. धारदार पत्र्यावर घासून उघड्या पडलेल्या केबलमुळे गाडीला आग लागू शकते.

आता वजन आणि कायदा यांविषयी. पोलादी बंपर व विंच मिळून पुढच्या भागावर ८० ते १०० किलो वजन सहज वाढते. त्यामुळे पुढची स्प्रिंग बसते, ब्रेकिंगचे अंतर वाढते आणि हेडलाइटचा झोत बदलतो, म्हणून स्प्रिंगची तपासणी आणि हेडलाइटची जुळवणी आम्ही याच कामाचा भाग मानतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार (गाडीच्या पुढे बसवलेले जादा पोलादी दांडे) यांच्यावर कारवाई करण्याची सूचना राज्यांना दिली. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बेकायदेशीर बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे, समोरचा भाग ठरल्याप्रमाणे चेपला जाईल असे धरून एअरबॅगची वेळ बेतलेली असते. कडक पोलादी आडवे दांडे ती वेळ चुकवू शकतात आणि पायी चालणाऱ्यास होणारी इजाही वाढवतात. त्यामुळे बुल बार आम्ही बनवत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या मालकाने काम ठरवण्याआधी आरटीओ कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी व ती उत्तरे आम्हाला दाखवावीत, असा आमचा आग्रह आहे.

वापरताना ड्रमवर तारेच्या दोराचे किमान पाच आणि सिंथेटिक दोराचे किमान आठ वेढे शिल्लक ठेवावेत. झाडाला दोर थेट न बांधता रुंद पट्टा वापरावा, म्हणजे साल सोलली जात नाही. हातमोजे घालावेत, ताणलेल्या दोरावर जाड पोते किंवा डॅम्पर (दोर तुटल्यास उसळी रोखणारे वजनदार आवरण) टाकावा आणि दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणालाही, विशेषतः मदतीला धावून आलेल्या गावकऱ्यांना व मुलांना, उभे राहू देऊ नये. ताणलेला दोर ओलांडणे तर कटाक्षाने टाळावे.

काम झाल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासून घेण्यासाठी गाडी आणावी. या तपासणीचे शुल्क आकारले जात नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा दोर पूर्ण सोडून, चिखल धुऊन व वाळवून, हलक्या ताणाखाली पुन्हा गुंडाळावा. दोर चिरलेला किंवा ब्रॅकेटजवळचा रंग तडकलेला दिसल्यास विंच न वापरता गाडी आधी आमच्याकडे दाखवावी.