ओपीटीचा अर्ज: चुकणाऱ्या तारखा आणि राहून जाणारे कागद

अमेरिकेतील विद्यापीठात एफ-१ व्हिसावर एमएस, एमबीए किंवा पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षण संपल्यावर आपल्या विषयाशी थेट संबंधित काम करण्याची जी परवानगी मिळते, तिला ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग, म्हणजेच ओपीटी म्हणतात. योजनेचे मूळ नियम फारसे किचकट नाहीत. तरीही असे अर्ज नाकारले जात राहतात, ज्यांत पात्रतेबद्दल कोणतीच शंका नसते. अडलेले असते ते एखाद्या तारखेवर किंवा जोडायच्या राहिलेल्या एखाद्या पानावर. त्यामुळे या लेखात नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात आणि अडणाऱ्या जागा सविस्तर दिल्या आहेत.

पात्रतेची मुख्य अट अशी की, विद्यार्थ्याने किमान एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण घेतलेले असावे. ओपीटीचे १२ महिने शिक्षणाच्या प्रत्येक चढत्या पातळीला एकदा मिळतात. एमएसनंतर ते वापरले असतील, तर पीएचडीनंतर पुन्हा मिळतील. मात्र दुसरी एमएस केल्याने नवे १२ महिने मिळत नाहीत, आणि केवळ त्या आशेने दुसऱ्या मास्टर्सला प्रवेश घेणाऱ्यांना हे कोणीतरी वेळीच सांगायला हवे. शिक्षण चालू असताना त्याच पातळीवर सीपीटीखाली, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणाऱ्या परवानगीवर, पूर्णवेळ काम केले असेल आणि ते १२ महिने किंवा त्याहून अधिक भरले असेल, तर ओपीटीचा हक्क संपतो. अर्धवेळ सीपीटीमुळे तो जात नाही. पहिल्या ओपीटीचा अर्ज करताना नोकरी हातात असण्याची गरज नसते, त्यामुळे ‘आधी ऑफर येऊ दे, मग अर्ज करू’ असे म्हणून थांबण्यात काहीही अर्थ नाही.

प्रक्रिया मोजक्या शब्दांत सांगता येते. विद्यापीठातील परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडे विनंती करायची. तेथील नियुक्त अधिकारी, म्हणजे ज्याला सगळे डीएसओ म्हणतात, तो सेव्हिस या सरकारी प्रणालीत शिफारस नोंदवतो आणि नवा आय-२०, म्हणजे विद्यार्थ्याच्या शिक्षणक्रमाचा तपशील असलेला दाखला, देतो. तो जोडून आय-७६५ हा अर्ज शुल्कासह यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे दाखल करायचा. एप्रिल २०२१ पासून ओपीटीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. अर्ज मंजूर झाला की ईएडी हे कामाच्या परवानगीचे कार्ड टपालाने घरी येते.

आता तारखांकडे वळू, कारण खरी पडझड इथेच होते. अर्ज यूएससीआयएसकडे पोहोचण्याची मुदत शिक्षणक्रम संपण्याच्या तारखेआधी ९० दिवसांपासून त्या तारखेनंतर ६० दिवसांपर्यंत असते. ‘शिक्षणक्रम संपण्याची तारीख’ म्हणजे दीक्षान्त समारंभाची तारीख नव्हे, पदवी प्रमाणपत्रावर छापलेली नव्हे आणि शेवटच्या परीक्षेचीही नव्हे. आय-२०च्या पहिल्या पानावर ‘प्रोग्रॅम एंड डेट’ म्हणून जी दिलेली असते तीच, आणि तेवढीच. ती तारीख १५ मे असेल, तर अर्ज फेब्रुवारीच्या मध्यापासून करता येतो आणि १४ जुलैपर्यंत तो पोहोचलेला असावा लागतो. येथे ‘पोहोचणे’ हा शब्द अक्षरशः घ्यावा. कागदी अर्ज १४ जुलैला टपालात टाकला, म्हणून तो वेळेत आला असे धरले जात नाही.

प्रबंध लिहिणाऱ्यांची अडचण वेगळी असते. काम अपेक्षेपेक्षा लवकर आटोपले, तर विद्यापीठ शिक्षणक्रमाची तारीख अलीकडे आणू शकते, आणि तसे झाले की ६० दिवसांची मोजणी नव्या तारखेपासून सुरू होते. प्रबंध जमा केल्यावर दोन महिने निवांत राहून नंतर कार्यालयात जाणाऱ्याला आपली मुदत आधीच संपल्याचे तेव्हा कळते. उलट प्रबंध लांबला, तर जुनी तारीख उलटण्याआधी आय-२०ची मुदत वाढवून घ्यावी लागते. दोन्ही बाबतींत प्रबंध जमा करण्याआधीच डीएसओला भेटून सेव्हिसमध्ये कोणती तारीख राहणार आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

वरच्या मुदतीखेरीज आणखी एक मुदत चालू असते, आणि सर्वाधिक अर्ज बहुधा तिच्यामुळेच बुडतात. डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज यूएससीआयएसकडे पोहोचला पाहिजे. हे ३० दिवस आय-२० तुमच्या हातात पडल्यापासून नव्हे, तर शिफारस नोंदवली गेली त्या दिवसापासून मोजले जातात. काही कार्यालये आज शिफारस नोंदवतात, आय-२० आठवड्याभराने पाठवतात, आणि सोबतच्या ईमेलमध्ये या मुदतीचा उल्लेखही करत नाहीत; ज्यांना त्या कामाचाच पगार मिळतो, त्यांना एक ओळ जास्त लिहायला काय हरकत असते, हे समजत नाही. तेव्हा आय-२० मिळताच त्यावरील तारीख पाहावी आणि त्याच आठवड्यात अर्ज दाखल करावा. मुदत उलटून गेली असेल, तर जुन्याच आय-२०वर नशीब आजमावू नये. नवी शिफारस आणि नवा आय-२० मागावा.

कागदपत्रांमध्ये पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची नोंद) यांच्या प्रती, दोन इंच बाय दोन इंच आकाराचा अलीकडचा फोटो, पूर्वी मिळालेली ईएडी कार्डे असल्यास त्यांच्या दोन्ही बाजू, आणि सीपीटी घेतली असल्यास ती दाखवणारे जुने आय-२० एवढे नेहमी लागते. फोटो पासपोर्टसाठी पूर्वी कधीतरी काढलेला वापरू नये. अडतो तो नवा आय-२०. त्याच्या पहिल्या पानावर खाली विद्यार्थ्याच्या सहीची जागा असते आणि पुष्कळजण ती रिकामीच ठेवतात, कारण कागद विद्यापीठाकडून आलेला असतो आणि त्यावर डीएसओची सही आधीच झालेली असते. ओपीटीची शिफारस मात्र दुसऱ्या पानावर असते: तिथे ‘पोस्ट-कंप्लिशन ओपीटी’, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि शिफारस झाल्याची नोंद दिसते. फक्त पहिले पान स्कॅन करून चढवले, तर तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे शिफारसच येत नाही, आणि मग अधिक पुरावा मागणारे पत्र किंवा थेट नकार हाती पडतो. सर्व पाने, सही केल्यानंतर, एकाच पीडीएफमध्ये चढवावीत.

अर्जात पात्रतेच्या प्रकाराचा एक संकेतांक द्यावा लागतो. शिक्षणानंतरच्या ओपीटीसाठी तो सी-३-बी आहे. सी-३-ए शिक्षण चालू असतानाच्या ओपीटीसाठी आणि सी-३-सी विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणाऱ्या स्टेम वाढीसाठी. एक अक्षर चुकले, तर अर्ज वेगळ्याच गोष्टीसाठी केला असे ठरते. कागदी अर्ज करणाऱ्याने नमुन्याच्या तळाशी छापलेली आवृत्तीची तारीखही पाहावी, कारण मित्राकडून मिळालेला जुन्या आवृत्तीचा नमुना न तपासताच परत येतो.

नावाचा प्रश्न आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना हमखास सतावतो. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव असते; विद्यापीठाच्या नोंदीत तेच मधले नाव होते, किंवा गळून जाते. आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांच्या अमेरिकन कागदांवर ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) ही अक्षरे अवतरतात. अर्ज भरण्याआधी पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवावे आणि चूक आढळल्यास ती आधी डीएसओकडून दुरुस्त करून घ्यावी. कार्डावरचे चुकीचे नाव पुढे सोशल सिक्युरिटी आणि वाहन परवाना अशा प्रत्येक ठिकाणी त्रास देते.

पत्त्याकडेही असेच दुर्लक्ष होते. मे-जूनमध्ये भाडेकरार संपतो, विद्यार्थी दुसऱ्या शहरातल्या मित्राकडे राहायला जातो आणि अर्जावर जुनाच पत्ता राहतो. अमेरिकन टपाल खाते यूएससीआयएसची टपालपत्रे नव्या पत्त्यावर वळवते, या भरवशावर राहू नये. न पोहोचलेले कार्ड यूएससीआयएसकडे परत जाते आणि कामकाजाच्या ६० दिवसांत पत्ता कळवला नाही, तर नष्ट केले जाते. पुढील तीन-चार महिने निश्चित टिकेल असाच पत्ता द्यावा, आणि तो कोणा परिचिताचा असेल, तर ‘केअर ऑफ’मध्ये त्याचे नाव लिहावे.

ओपीटी सुरू होण्याची तारीख विद्यार्थी स्वतः निवडतो. ती शिक्षणक्रम संपल्यानंतरच्या ६० दिवसांच्या आत असावी लागते. अर्ज मंजूर झाल्यावर ती बदलता येत नाही, म्हणून आधी विचार करावा. पहिल्या ओपीटीच्या काळात बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच चालतात, आणि ते कार्डावरील सुरुवातीच्या तारखेपासून मोजले जातात, नोकरी शोधायला सुरुवात केल्यापासून नव्हे. नोकरी ठरलेली नसेल, तर शक्य तितकी उशिराची तारीख घेणे शहाणपणाचे. नोकरी मेअखेर सुरू होणार असेल, तर उशिराची तारीख आपल्याच अंगावर येते, कारण कार्ड हातात येऊन त्यावरील तारीख उजाडेपर्यंत एक दिवसही काम करता येत नाही. आठवड्याला किमान २० तासांचे, विषयाशी संबंधित काम बेरोजगारीची मोजणी थांबवते, पण ते एसईव्हीपी या सरकारी विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवर किंवा डीएसओकडे १० दिवसांत नोंदवलेले असले पाहिजे. काम चालू असूनही नोंद नसल्याने नोंदींत बेरोजगार ठरलेल्यांना नंतर फार धावपळ करावी लागते.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित या शाखांतील पदवी असल्यास आणखी २४ महिन्यांची स्टेम वाढ मिळते. सध्याचे नियम १० मे २०१६ पासून लागू आहेत. पदवी स्टेम आहे की नाही, हे तिच्या नावावरून नव्हे, आय-२०वरील सीआयपी, म्हणजे अभ्यासविषयाच्या वर्गीकरणाच्या, संकेतांकावरून ठरते. अर्थशास्त्राचे उदाहरण घ्यावे: ४५.०६०३ हा इकॉनॉमेट्रिक्सचा संकेतांक यादीत आहे, ४५.०६०१ हा सर्वसाधारण अर्थशास्त्राचा नाही. याची चौकशी प्रवेश घेतानाच करावी. पदवी झाल्यावर संकेतांक बदलून मागणाऱ्याला विद्यापीठ क्वचितच दाद देते.

या वाढीचा अर्ज पहिल्या ओपीटीची मुदत संपण्याआधी, जास्तीत जास्त ९० दिवस अगोदर करायचा असतो. पहिल्या वेळी शिक्षण संपल्यावर ६० दिवस मिळाले, म्हणून आताही मिळतील असे समजणारे येथे फसतात. कार्डावरील शेवटच्या तारखेनंतर हा अर्ज करताच येत नाही. डीएसओच्या शिफारशीनंतर मात्र येथे ३० ऐवजी ६० दिवस मिळतात. अर्ज वेळेत पोहोचला, तर निर्णय येईपर्यंत, कमाल १८० दिवस, जुन्या परवानगीवर काम चालू ठेवता येते.

ज्या कागदासाठी लोक आठवडेच्या आठवडे ताटकळतात तो आय-९८३, म्हणजे प्रशिक्षणाचा आराखडा. कामातून काय शिकवले जाईल, देखरेख कोण करील आणि मूल्यमापन कसे होईल, हे त्यात नियोक्त्याने सही करून लिहून द्यायचे असते. छोट्या कंपनीतील मनुष्यबळ अधिकाऱ्याने हा नमुना बहुधा कधी पाहिलेला नसतो आणि मोठ्या कंपनीत तो सहीसाठी टेबलांवरून फिरत राहतो. मुदतीच्या तीन महिने आधी विषय काढला नाही, तर शेवटी धावपळ अटळ आहे. शिवाय कंपनी ई-व्हेरिफाय या कामगार-पडताळणीच्या सरकारी प्रणालीत नोंदलेली असणे बंधनकारक असून, तिथला तिचा क्रमांक अर्जात भरावा लागतो. कर-ओळख क्रमांक, म्हणजे ईआयएन, हा तो क्रमांक नव्हे, जरी मनुष्यबळ विभाग अनेकदा तोच पाठवून मोकळा होत असला तरी. पदवी प्रमाणपत्र छापून आलेले नसल्यास पदवी प्रदान झाल्याची नोंद असलेले गुणपत्रक जोडावे.

घाई असणाऱ्यांसाठी जादा शुल्क भरून प्रीमियम प्रोसेसिंगची सोय २०२३ पासून उपलब्ध आहे. तिने निर्णय लवकर येतो, एवढेच. आय-२०वर सही नसेल, तर नकारही तितक्याच लवकर येतो.

अर्ज नाकारला गेला, तर त्याविरुद्ध अपील करता येत नाही. फेरविचाराची विनंती शुल्क भरून करता येते, पण तिला वेळ लागतो आणि त्या काळात काम करता येत नाही. शिक्षणक्रम संपल्यानंतरचे ६० दिवस उरलेले असतील, तर डीएसओकडून नवी शिफारस घेऊन, पुन्हा शुल्क भरून, नव्याने अर्ज करणे हा सहसा जवळचा मार्ग असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज केलेल्याला ही संधी उरते; जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला अर्ज करणाऱ्याला उरत नाही.