फेरारी डेटोना स्पायडर: कारखान्यातून उघडी आलेली आणि नंतर कापलेली

लिलावाच्या फोटोत दोन लाल डेटोना शेजारी शेजारी उभ्या असतात, दोन्हींना छत नाही, दोन्हींचं नाक तेच लांबलचक, मागे तेच चार गोल टेललाईट आणि चार सायलेन्सर. एकीचा भाव वीस-पंचवीस लाख डॉलरच्या घरात आणि दुसरीचा त्याच्या चौथ्या हिश्शाला आला तरी मालक खूश. खाली कमेंटमध्ये हमखास कोणीतरी विचारतं, अरे पण गाडी तर सेमच आहे ना? हो, दिसायला जवळपास सेमच आहे, लफडं तिथेच आहे.

आधी नावाचा गुंता सोडवून टाकू, कारण अर्धे लोक इथेच चुकतात. आपण जिला डेटोना म्हणतो तिचं कागदावरचं नाव ३६५ जीटीबी/४. ३६५ म्हणजे एका सिलिंडरचे सीसी, असे बारा सिलिंडर म्हणजे ४,३९० सीसीचं व्ही-ट्वेल्व्ह, आणि शेवटचा ४ म्हणजे चार कॅमशाफ्ट, इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारे दांडे. बी म्हणजे बर्लिनेट्टा, बंद छताची कूपे. डेटोना हे नाव मुळात टोपणनाव, १९६७ च्या डेटोना २४ तासांच्या रेसमध्ये फेरारीने पहिले तिन्ही नंबर मारले होते, त्यावरून ते चिकटलं. कूपे १९६८ च्या पॅरिस शोमध्ये आली, डिझाईन पिनिनफारिना या डिझाईन कंपनीच्या लिओनार्दो फिओरावांतीचं, बॉडी बनवायचं काम स्कालियेत्तीकडे. उघडी ३६५ जीटीएस/४, म्हणजे स्पायडर, पुढच्या वर्षी फ्रँकफर्टला दाखवली. आणि आता गंमत बघा, ३६५ जीटीएस म्हणून, म्हणजे मागचा /४ नसलेली, अजून एक वेगळीच फेरारी आहे, ती उघडी खरी पण डेटोना नाही, जुन्या ३३० जीटीएसची पुढची आवृत्ती, फक्त वीस बनल्या. शिवाय ३६५ जीटीसी/४ आहे, तिला /४ आहे पण बॉडी पूर्ण निराळी. म्हणजे जाहिरात वाचताना प्रत्येक अक्षर नीट बघावं लागतं, फेरारीवाल्यांनी ही नावं ठेवताना गिऱ्हाईकाचा विचार केला असेल असं मला तरी वाटत नाही.

तर डेटोनाचे कारखान्यातून निघालेले दोन मुख्य प्रकार, कूपे आणि स्पायडर. कूपे साधारण बाराशे ऐंशीच्या आसपास बनल्या, स्पायडर १२२. त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या तर अवघ्या सात. खाली दोन्हींत इंजिन तेच, वेबरचे सहा कार्बोरेटर, ३५२ हॉर्सपॉवर, पाच गिअरचा गिअरबॉक्स मागच्या बाजूला बसवलेला म्हणजे वजन पुढे-मागे बरंचसं सारखं वाटलं जावं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, दोन्हींचा २,४०० मिलीमीटर. कूपेसाठी कंपनी ताशी २८० किलोमीटरचा आकडा सांगायची आणि त्या काळी तो खरोखर धाकात ठेवणारा आकडा होता.

मग फरक नुसता छताचा का? नाही ना. बंद गाडीत छत हे नुसतं ऊन-पाऊस अडवायला नसतं, ते पुढची काच आणि मागचा भाग यांना बांधून ठेवतं, ते काढलं की गाडी मधून मुरगळायला लागते, खड्ड्यातून गेलं की पुढची काच थरथरते, जॅकवर चढवली की दार नीट लागत नाही. म्हणून स्कालियेत्तीकडे स्पायडरच्या सांगाड्याला जादाचा आधार दिला गेला. काचेपासून पुढची गाडी जवळजवळ कूपेचीच ठेवली. मागचा भाग मात्र नव्याने केला, कूपेची उतरती मागची काच आणि दाराच्या मागच्या छोट्या काचा गेल्या, त्या जागी डिकीपर्यंत सपाट पत्रा आला आणि कापडी हूड घडी करून सीटच्या मागे बसायला लागलं. अंगावरून फिरणारी ती खोल रेघ, बंपरच्या उंचीवर गाडीभोवती जी जाते, ती दोन्हींत आहे. दाराचं हँडलही तेच, काचेच्या कडेला एवढंसं लपवलेलं की पहिल्यांदा बघणारा दार उघडायला कुठे हात घालायचा ते शोधत बसतो.

हेडलाईटवरून ओळखायचा प्रयत्न बरेच जण करतात, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. सुरुवातीच्या डेटोनाच्या नाकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लेक्सिग्लासची पारदर्शक पट्टी होती आणि हेडलाईट त्याच्या मागे. अमेरिकेच्या नियमात ते बसत नव्हतं, म्हणून मग वर उचलले जाणारे पॉप-अप लाईट आले आणि १९७१ पासून युरोपच्या गाड्यांनाही तेच मिळाले. लोकांना वाटतं प्लेक्सी म्हणजे कूपे आणि पॉप-अप म्हणजे स्पायडर, तर तसं काही नाही. फ्रँकफर्टच्या शोमधली स्पायडर प्लेक्सीचीच होती, नंतरच्या बहुतेक स्पायडर पॉप-अपच्या, आणि कूपे तर दोन्ही नाकांत हव्या तेवढ्या सापडतात. नाकावरून गाडी साधारण कुठल्या सालची ते कळतं, छताबद्दल काही कळत नाही. चाकांवरूनही काही ठरवू नका, तारांची बोरानी चाकं कूपेलाही मिळायची आणि चाकं काय, दुपारी बदलली की संध्याकाळी गाडी नवी दिसते.

आता खरा मुद्दा. १९७३ मध्ये उत्पादन संपलं आणि त्याच सुमारास तेलाचं संकट आलं, बारा सिलिंडरची पेट्रोल पिणारी गाडी सगळ्यांना नकोशी झाली, वापरलेल्या कूपे स्वस्तात मिळायला लागल्या. उघड्या गाडीची हौस मात्र अमेरिकेत, त्यातून कॅलिफोर्नियात, तशीच होती आणि कारखान्याच्या स्पायडर होत्या मूठभर. मग काय, कूपे घ्यायची आणि छत कापून टाकायचं. कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड स्ट्रेमनच्या वर्कशॉपचं नाव यात सगळ्यात जास्त घेतलं जातं, त्याच्याकडचं काम चांगलं असायचं, सांगाड्याला मजबुती वगैरे सगळं. इतरांनीही कापल्या, कोणी नीट, कोणी करवत घेऊन देवाचं नाव घेत. तेव्हा यात कोणाला पाप वाटत नव्हतं हे लक्षात घ्या, जुनी फेरारी म्हणजे फक्त जुनी गाडी होती, आज त्याच कामाकडे बघून लोक हळहळतात पण आजची किंमत तेव्हा कोणाला माहीत होती.

तर मग कारखान्याची स्पायडर आणि कापलेली स्पायडर वेगळी ओळखायची कशी. चांगलं काम केलेली असेल तर बाहेरून बघून ओळखणं फार अवघड आहे, फोटोवरून तर विसराच. दार आणि मागचा पत्रा यांच्यातली फट वरून खालपर्यंत सारखी आहे का, हूडची घडी जागेवर नीट बसते का, कार्पेट उचललं की खाली वेल्डिंग कुठे आणि कुठल्या पद्धतीचं दिसतं, डिकीच्या आत पत्रा जोडल्याच्या खुणा आहेत का, हे सगळं जाणकार बघतात. पण शेवटी निकाल चॅसी नंबरवर लागतो. सातबारा न बघता जमीन घेऊ नये तसं डेटोना स्पायडर नंबर न बघता घेऊ नये. सांगाड्यावर ठोकलेला नंबर कारखान्याच्या नोंदींशी लावून बघायचा, त्या नोंदीत ती कूपे म्हणून बाहेर पडली असेल तर विषय संपला, तिचं छत जगातल्या सगळ्यात भारी कारागिराने काढलेलं असलं तरी. फेरारीचा क्लासिके विभाग सर्टिफिकेट देतो तेसुद्धा गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी आहे का हे बघूनच, त्यामुळे कापलेल्या गाडीला स्पायडर म्हणून ते मिळायचं नाही.

मला विचाराल तर कापलेली डेटोना ही खोटी गाडी नाही. इंजिन खरं, गिअरबॉक्स खरा, नाक स्कालियेत्तीच्या हातचं, चालवायला बसलात तर आवाज तोच. खोटेपणा तेव्हा होतो जेव्हा विकणारा जाहिरातीत नुसतं डेटोना स्पायडर लिहितो आणि कन्व्हर्जन हा शब्द तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात टाकतो. सरळ सांगून विकली तर ज्याला समुद्रकिनारी हूड पाडून फिरायचंय त्याच्यासाठी तो काही वाईट सौदा नाही.

खोटी म्हणायची तर ती तिसरीच. मायामी व्हाइस सिरियलच्या पहिल्या दोन सीझनमधली काळी डेटोना स्पायडर आठवत असेल, ती फेरारी नव्हतीच, मॅकबर्नी कंपनीने शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सांगाड्यावर फायबरग्लासची बॉडी चढवून बनवलेली ती प्रतिकृती. फेरारी कोर्टात गेली, तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ती गाडी क्षेपणास्त्राने उडवून दाखवली आणि तिच्या जागी खऱ्या फेरारी टेस्टारोसा आल्या. अशा गाड्या आजही विकायला येतात. या पकडणं तुलनेने सोपं, बॉनेट उघडलं की बारा सिलिंडरऐवजी अमेरिकन व्ही-एट दिसतं, आणि कॉर्व्हेटचा व्हीलबेस जवळजवळ नऊ सेंटीमीटर जास्त असल्यामुळे बाजूने बघितलं की मधला भाग ओढल्यासारखा वाटतो. एकदा हे डोळ्यांना दिसलं की मग प्रत्येक फोटोत दिसत राहतं.

उघड्या गाडीचं एवढं कौतुक चालतं पण रेसमधली सगळी कमाई कूपेची आहे हेही सांगायला पाहिजे. १९७२ च्या ल मॉंच्या २४ तासांच्या रेसला डेटोना कूपे एकूणात पाचव्या ते नवव्या आल्या, म्हणजे आपल्या क्लासमधले पहिले पाचही नंबर त्यांचेच, पुढच्या दोन वर्षीही क्लास त्यांनीच जिंकला. आणि १९७९ मध्ये, उत्पादन बंद होऊन सहा वर्षं झाल्यावर, एक म्हातारी डेटोना कूपे खुद्द डेटोनाच्या २४ तासांत एकूणात दुसरी आली, म्हणजे टोपणनाव पहिल्यांदा मिळालं आणि कमावलं नंतर. रस्त्यावरच्या अशा गाडीला त्या वेगात बंद छत फायद्याचं, उघडीत वारा आत घुसून खेळ खराब होतो.

आणि आता बाजार उलटा फिरलाय. चांगल्या कूपेला पाच-सहा लाख डॉलर सहज मिळायला लागल्यावर काही मालकांनी कापलेल्या गाड्यांवर पुन्हा छत चढवून त्यांची परत कूपे करून घेतली. त्यामुळे आता कूपे घेतानाही वरचा रंग खरवडल्यासारखं बारकाईने बघायचं, काचेच्या खांबांपाशी आणि दाराच्या मागे, कारण एखाद्या गाडीचं छत एकदा जाऊन परत आलेलं असू शकतं आणि ते छतही आता स्कालियेत्तीकडचं नसतं.