खुलासा: आरडीएक्स ‘खाणारे’ जिवाणू बाहेरून सोडावे लागतात का?

लष्करी सरावाच्या मैदानांखालचं भूजल साफ करायचं तर प्रयोगशाळेत वाढवलेले स्फोटकखाऊ जिवाणू विहिरीत सोडायचे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ऐकायला झकास, पण बहुतेक ठिकाणी त्यांची गरजच पडत नाही. कामाचे जिवाणू त्या मातीत आधीच असतात. नसतं ते त्यांचं खाद्य.

टीएनटी आणि आरडीएक्स ही दोन्ही लष्करी स्फोटकं. टीएनटी मातीला चिकटून बसतं. आरडीएक्स मात्र पाण्याबरोबर खाली झिरपत जातं. अमेरिकेतल्या केप कॉड या द्वीपकल्पावरच्या कॅम्प एडवर्ड्स या लष्करी सराव-तळाखाली हेच झालं. १९९७मध्ये तिथला प्रत्यक्ष दारूगोळ्याचा सराव थांबवावा लागला. तिथल्या वाळूतल्या भूजलात प्राणवायू भरपूर, म्हणून आरडीएक्स सहसा टिकून राहतं.

अशा वेळी उपाय अगदी घरगुती वाटावा असा: विहिरीतून काकवी किंवा दुधासारखं पांढरं दिसणारं तेल-पाण्याचं मिश्रण जमिनीत सोडतात. ते खाताना जिवाणू आधी प्राणवायू संपवतात, मग आरडीएक्सच्या नायट्रो गटांवर (रेणूतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या जोडण्यांवर) येतात आणि रेणूचं कडं तुटतं. दारूगोळ्यातलंच दुसरं प्रदूषक म्हणजे परक्लोरेट; त्याचंही असंच साधं क्लोराइड होतं.

फुकट काहीच नाही. प्राणवायू संपला की मातीतलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतं. आरडीएक्स अर्धवट तुटलं तर नायट्रोसो संयुगं, म्हणजे त्याचेच अर्धवट बदललेले घातक अवशेष, मागे राहतात, म्हणून तपासणी त्यांचीही करावी लागते.