घरगुती केक विक्रीसाठी एफएसएसएआय नोंदणी: अर्ज कुठे अडतो

घरच्या ओव्हनमधला केक फक्त ओळखीपाळखीत विकला, तरी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार तो अन्नव्यवसायच ठरतो. छोट्या व्यवसायाला परवाना लागत नाही, एफएसएसएआयकडे (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण) साधी नोंदणी पुरते. २०११ च्या नियमावलीने त्यासाठी वर्षाला १२ लाख रुपये उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठरवलं. नियमांत सुधारणा होत असतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी एफएसएसएआयच्या ऑनलाइन अर्जाच्या संकेतस्थळावर, म्हणजे फॉसकॉस पोर्टलवर दिसेल तोच आकडा धरा. मर्यादा उलाढालीची आहे, नफ्याची नाही; मैदा-लोण्याचा खर्च वजा करून हिशेब मांडू नका.

कागदपत्रं मोजकीच: फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा. अडतं ते बहुधा जागेपाशी. ओळखपत्रावर जुना पत्ता असतो आणि लाइटबिल सासऱ्यांच्या नावावर. अशा वेळी बिलासोबत त्यांचं सहीचं संमतीपत्र आधीच जोडावं, म्हणजे एक हेलपाटा वाचतो. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार लावा. केक जिथे बनतो तोच पत्ता द्यायचा. कारण नोंदणी जागेची असते, दुसऱ्या स्वयंपाकघरात काम सुरू केलं तर ही चालत नाही.

अर्ज 'फॉर्म ए' मध्ये भरायचा. व्यवसायाचा प्रकार निवडताना बरेच जण किरकोळ विक्रेता निवडतात आणि फसतात. तुम्ही माल बनवता, म्हणून उत्पादक निवडा आणि अन्नप्रकारात बेकरी उत्पादनं. रोजचं उत्पादन नगांत लिहू नका, वजनात लिहा. अर्धा किलोचे सहा केक आणि दोन किलो कुकीज म्हणजे पाच किलो. सरासरीपेक्षा गर्दीच्या दिवसाचा आकडा द्यावा, पण उगाच फुगवू नये. विजेच्या रकान्यासाठी लाइटबिलावरचा 'मंजूर भार' बघा. पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं, जे असेल तेच लिहा. एवढ्यासाठी एजंट कशाला?

२०११ च्या नियमांनुसार अधिकाऱ्याने सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची असते. अधिकाऱ्याला शंका आली तर ती पोर्टलवरच दिसते. तुमचं उत्तर रेंगाळलं तर अर्ज बाद होतो आणि शुल्कही बुडतं, म्हणून एक दिवसाआड लॉगिन करा. तपासणीत बघतात ते साधंच: झाकणाचा कचऱ्याचा डबा, जमिनीपासून उंच ठेवलेल्या पिठाच्या गोण्या, खिडकीला जाळी, आणि फिनेल-साबण खाण्याच्या वस्तूंपासून लांब.

मिळणारा क्रमांक १४ अंकी असतो. नोंदणीचा २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. प्रमाणपत्र जागेवर दिसेल असं लावा आणि क्रमांक बिलावर छापा.

पाकीटबंद कुकीज विकणार असाल तर लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने हवेत. निव्वळ वजन, बनवल्याची आणि वापराची शेवटची तारीख, तसंच गहू, दूध, अंडं, सुकामेवा यांचा अ‍ॅलर्जीसाठी उल्लेखही लागतो. सर्रास होणारी चूक चिन्हाची. अंडं घातलेला केक नियमाने मांसाहारीत मोडतो, म्हणून त्याला चौकोनातला तपकिरी त्रिकोण लागतो, हिरवा ठिपका नाही. एगलेसच्या ऑर्डरीसाठी बीटर आणि भांडी वेगळीच ठेवा. घाईत तोच बीटर नुसता विसळून वापरला तर हिरवा ठिपका खोटा ठरतो.